दोघांच्या नावाची पाणीपट्टी

पाण्याचं बिल आलं की आम्ही खूश होतो.
वर दोन्ही नावं:
लोवेल काझमारेक, आर्पिने काझमारेक.
ती कागद तळहातानं सपाट करते,
भोकं पाडते, निळ्या फाइलीत लावते.
टोलेडो शहर दर तीन महिन्यांनी लिहून देतं
की एकाच नळाखाली आम्ही हात धुतो.

सतरावा महिना.
मी लोकांच्या तळघरांत उतरून फर्नेस दुरुस्त करतो.
ज्योत कुठे अडलीय ते मला कानानं कळतं.
या अर्जाचं कळत नाही.
दुपारी व्हॅनमध्ये सँडविच खाताना
पावतीचा नंबर फोनवर टाकतो,
आईच्या वाढदिवसापेक्षा तो मला जास्त पाठ आहे,
आणि तेच एक वाक्य:
प्रकरण विचाराधीन आहे.

आईनं प्रतिज्ञापत्र लिहून दिलं.
वकिलानं दिलेला नमुना बाजूला सारून:
'याला चाळीस वर्षं सांगितलं, बूट दारात काढ.
ऐकलं नाही.
हिनं एकदाच सांगितलं, तेही धड इंग्रजी येत नसताना.
लग्न खरं आहे. बर्नाडीन काझमारेक.'
नोटरी हसली, मग शिक्का मारला.

रात्री आम्ही एकमेकांची तोंडी परीक्षा घेतो.
माझी अक्कलदाढ कोणत्या साली काढली?
ओव्हनचं कुठलं बटण चालत नाही?
ती चुकली की मी घाबरतो,
आणि घाबरलो याची लाज वाटते.

फेब्रुवारीत तिचे वडील गेले. ग्युम्रीत.
बूट शिवायचे. मी कधी भेटलो नाही.
परत येऊ देणारा परवाना अजून आला नव्हता,
निघाली असती तर अर्ज तिथेच मेला असता.
'जा,' मी म्हणालो, 'पुन्हा भरू सगळं.'
'पंधरा महिने पुन्हा मोजशील तू?
मी नाही मोजू शकत.'

तिथली दुपार म्हणजे इथले पहाटेचे तीन.
साखरेच्या डब्याला फोन टेकवून
तिनं वडिलांना पोचवलं.
कुणाच्या तरी हातातला कॅमेरा हलत होता:
बर्फ, काळे कोट, आभाळ, पुन्हा बर्फ.
मध्येच चित्र गोठलं
आणि ती पडद्यावर बोट घासत राहिली,
काचेवर वाफ धरली असावी तशी.
मी मागून एक फोटो काढला.
तिची पाठ, डबा, इवलासा उजेड.

'फाइलीसाठी काढलास?'

हा प्रश्न कुठल्याच यादीत नव्हता.
मी पाठ केलेलं काहीच उपयोगी पडलं नाही.
वकिलाला हवेच होते आणखी फोटो,
प्रसंगांचे, नातेवाइकांसोबतचे.
मला खरंच माहीत नाही कशासाठी काढला.
मी तो पुसला.
तरी चार दिवस ती बोलली नाही.
त्या चार दिवसांची पावती
कुणाकडेच नाही.

पाचव्या दिवशी तिनं कपाटातून खोकं काढलं.
लग्नाआधी तिच्या सांगण्यावरून
मी कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीनं रेघ मारली होती
आणि तो कागद ग्युम्रीला पोस्टानं गेला होता.
त्या रेघेवर शिवलेले तपकिरी बूट.
उजवा किंचित चावतो, म्हणून पडून होते.
'हे घाल,' म्हणाली. 'बोलावतील तेव्हा.'

बोलावलं. क्लीव्हलंड, मंगळवार, सव्वाआठ.

दारातल्या पहारेकऱ्यानं सांगितलं, बूट काढा.
मी लगेच ऐकलं, आई असती तर बघत राहिली असती.
ट्रेमध्ये निळी फाइल, फाइलीशेजारी बूट.
यंत्राच्या पडद्यावर पाणीपट्ट्या नुसत्या धुरकट,
पण टाचेतले खिळे लख्ख दिसले,
एकेक, हातानं ठोकलेले, जरा वाकडी ओळ.
आर्पिने वाकून बघत राहिली.
या वेळी चित्र गोठलं ते बरं झालं.
'कुणी बनवले?' पहारेकरी सहज म्हणाला.
'माझ्या वडिलांनी' ती, 'सासऱ्यांनी' मी,
एकाच दमात.

आत अजून आमचं नाव कुणी पुकारलं नव्हतं.